आजी-आजोबा आणि नातवंडांची डीएनए चाचणी: काय कळते, काय कळत नाही

काही महिन्यांपूर्वी लालबागच्या एका चाळीतल्या मावशी दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रक्तदाब तपासून झाला तरी त्या उठेनात. मग दाराकडे एकदा बघून म्हणाल्या, "डॉक्टर, डीएनए करून घ्यायचाय. नातवाचा आणि माझा. पण सुनेला कळता कामा नये."

त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. नातू पाच वर्षांचा. शाळेच्या फॉर्मसाठी नातवाचा रक्तगट तपासला, तो बी निघाला. सुनेचा ओ. मुलाच्या कंपनीच्या ओळखपत्रावरही ओ. "ओ आणि ओला बी कसा होईल?" असं कुणीतरी बोलून गेलं आणि मावशींची झोप उडाली. त्यातच इमारत पुनर्विकासाला निघालेली, त्यामुळे खोली कुणाच्या नावावर होणार हा विषय घरात रोजचा.

अशी चौकशी करणारी ही एकच व्यक्ती नाही. कुणाला वारसा सिद्ध करायचा असतो, कुणाला शंका फेडायची असते, कुणाला नातवाला किडनी द्यायची असते. म्हणून ही माहिती एकत्र लिहीत आहे. चाचणी करायची की नाही हे तुम्ही ठरवाल. ठरवण्याआधी एवढं वाचा.

रक्तगटावरून नातं ठरवू नका

आजी-आजोबांचा रक्तगट आणि नातवंडाचा रक्तगट जुळलाच पाहिजे असा कोणताही नियम नाही. आजोबा एबी आणि आजी ओ असतील तर त्यांचा मुलगा ए असू शकतो, पण त्याच्यात ओचा गुणही लपलेला असतो. त्याची बायको ओ असेल तर त्यांचं मूल ओ होऊ शकतं. म्हणजे आजोबा एबी आणि नातू ओ, तरी नातं शंभर टक्के खरं.

आई-वडील दोघेही ओ असतील तर मूल बी होणं नेहमीच्या नियमात बसत नाही, हे बरोबर आहे. पण तिथेही थांबून दोन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, नोंद चुकलेली असणे. शिबिरात, शाळेत, नोकरीच्या वेळी घाईत केलेल्या तपासणीचा रक्तगट ओळखपत्रावर छापला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे तोच खरा मानला जातो. रक्त चढवण्याआधी रक्तपेढी जी तपासणी करते ती नमुना पुन्हा तपासून, रक्त जुळवून केलेली असते. दोन नोंदींत फरक असेल तर रक्तपेढीच्या नोंदीवर जास्त विश्वास ठेवावा.

दुसरी गोष्ट आपल्या परळचीच आहे. १९५२ साली केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधला. जगभर तो आज 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. ए आणि बी हे गुण लाल पेशीवर दिसण्यासाठी आधी 'एच' नावाचा पाया लागतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत हा पायाच नसतो. त्यामुळे तिच्या जनुकांत बी असला तरी तो पेशीवर दिसत नाही आणि साध्या तपासणीत रक्तगट ओ येतो. पण हा लपलेला बी मुलाकडे जातो. मुलाला दुसऱ्या पालकाकडून एचचा पाया मिळाला की तो बी उघड दिसतो. हा गट दुर्मीळ आहे, भारतात साधारण दहा हजारांत एक. पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे.

मावशींना मी मुलाच्या अपघाताच्या वेळचे हॉस्पिटलचे कागद आणायला सांगितले. त्यांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

आजी-आजोबांकडून नातवंडाकडे किती डीएनए येतो?

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून मूल आणि वडील यांच्यात निम्मा डीएनए समान असतो, आणि ही गोष्ट पक्की असते.

आजी-आजोबांच्या बाबतीत मध्ये एक पिढी असते. वडील आपल्या मुलाला जो निम्मा भाग देतात, त्यात काही तुकडे आजोबांचे असतात आणि काही आजीचे. कुठला तुकडा कुणाचा, हे दर वेळी नव्याने, योगायोगाने ठरतं. सरासरी चौथा हिस्सा एका आजीचा किंवा आजोबांचा असतो. पण एखाद्या नातवात आजोबांचे २० टक्के आणि आजीचे ३० टक्के असंही होतं. सख्ख्या भावंडांतही हे प्रमाण वेगळं असतं.

ही एक गोष्ट नीट समजली की पुढचं सगळं सोपं आहे. वडील-मुलाच्या चाचणीत प्रत्येक ठिकाणी जुळणी व्हायलाच हवी. आजी-नातवाच्या चाचणीत प्रत्येक ठिकाणी जुळणी होईल किंवा होणार नाही, आणि नातं तरी खरं असू शकतं.

चाचणीत नक्की काय पाहतात?

डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच छोटा मजकूर पुन्हा पुन्हा आलेला असतो. कुणात १२ वेळा, कुणात १४ वेळा. प्रयोगशाळा अशी पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त ठिकाणं तपासते. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून.

एक उदाहरण घेऊ. एका ठिकाणचे आकडे असे आहेत:

- आजोबा: १२ आणि १४
- आजी: ९ आणि ११
- सून (मुलाची आई): १६ आणि १७
- नातू: ११ आणि १६

नातवाचा १६ आईकडून आला. मग ११ वडिलांकडूनच आला असणार. वडील आज हयात नाहीत, पण त्यांच्याकडे जे होतं ते आजी-आजोबांच्या या चार आकड्यांतूनच आलेलं होतं. आजीकडे ११ आहे, म्हणजे इथे मेळ बसतो. नातवाचा दुसरा आकडा १० असता तर मेळ बसला नसता.

एखाद्या ठिकाणी मेळ न बसणं म्हणजे नातं नाही, असं लगेच म्हणत नाहीत. पिढी बदलताना आकड्यात क्वचित, साधारणपणे हजारात एक-दोनदा, आपोआप बदल होतो. अनेक ठिकाणी मेळ बसला नाही तरच नातं नाकारलं जातं.

आता याच उदाहरणातून आजोबा बाजूला काढा आणि फक्त आजी तपासा. नातवाचा आकडा १२ असता तर? तो आजीकडे नाही, पण आजोबांकडून आलेला असू शकतो. आजोबांचा नमुना नसल्याने कुणालाच काही म्हणता येणार नाही. म्हणूनच:

- आजी आणि आजोबा दोघेही, शिवाय मुलाची आई, असे तिघांचे नमुने असतील तर निष्कर्ष सहसा खूप स्पष्ट मिळतो.
- एकच आजी किंवा आजोबा आणि नातवंड, एवढंच असेल तर अहवाल अनेकदा 'सांगता येत नाही' असा येऊ शकतो.
- आईचा नमुना मिळाला तर मुलाच्या दोन आकड्यांपैकी वडिलांचा कोणता हे कळतं. म्हणून आईला वगळून चाचणी करणं हे स्वतःच्या चाचणीची ताकद स्वतःच कमी करणं आहे.
- आजोबा हयात नसतील तर मृत मुलाचे सख्खे भाऊ-बहीण, म्हणजे मुलाचे काका-आत्या, यांचे नमुने मदतीला घेता येतात.

कोणती आजी, कोणतं नातवंड? यावर बरंच अवलंबून आहे

वरच्या चाचणीशिवाय तीन खास मार्ग आहेत. ते सगळ्यांना लागू पडत नाहीत.

*वडिलांकडचे आजोबा आणि नातू.* वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. आजोबा, वडील आणि नातू यांचं वाय एकच असतं. ते वेगळं निघालं तर नातं नाकारण्यासाठी हा मजबूत पुरावा आहे. पण जुळलं तर फक्त एवढंच ठरतं की दोघे एकाच पुरुष-वंशातले आहेत. काका, चुलतभाऊ, कोकणातल्या गावाकडची भावकी, या सगळ्यांचं वाय तेच असू शकतं.

*वडिलांकडची आजी आणि नात.* बापाकडे एक्स गुणसूत्र एकच असतं आणि ते त्याला त्याच्या आईकडून मिळालेलं असतं. ते तो प्रत्येक मुलीला देतो. म्हणजे मुलाच्या मुलीचं एक संपूर्ण एक्स आजीच्या दोन एक्सपासून बनलेलं असतं. आजोबांचा नमुना नसतानाही ही चाचणी चांगलं उत्तर देऊ शकते.

*आईकडची आजी आणि नातू किंवा नात.* पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. आजीकडून आईला, आईकडून मुलांना. इथेही जुळणी म्हणजे 'एकच मातृवंश' एवढंच. मावशी आणि मावसभावंडं यांचाही तोच असतो.

उरलेल्या जोड्यांना, म्हणजे वडिलांकडची आजी आणि नातू, वडिलांकडचे आजोबा आणि नात, आईकडचे आजोबा आणि कोणतंही नातवंड, असा खास मार्ग नाही. तिथे नेहमीच्याच चाचणीवर भिस्त. लालबागच्या मावशी आणि त्यांचा नातू नेमक्या याच गटात होते, त्यात मावशींचे यजमानही हयात नव्हते. सुनेला न सांगता दोघांचेच नमुने दिले असते तर 'सांगता येत नाही' असा कागद हातात येण्याची बरीच शक्यता होती. आणि शंका घेतलेल्या घरात असा कागद म्हणजे आगीत तेल.

अहवालातला आकडा कसा वाचायचा?

अहवालात दोन आकडे असतात. पहिल्याला शक्यतेचं गुणोत्तर म्हणू. 'हे खरंच आजी-नातू असतील तर असे निकाल मिळण्याची शक्यता, आणि दोघांचा काही संबंध नसेल तर असे निकाल मिळण्याची शक्यता, यांत किती पट फरक?' हा त्याचा अर्थ. १ म्हणजे चाचणीने काहीच सांगितलं नाही. १००० म्हणजे नात्याच्या बाजूने भक्कम. ०.०१ म्हणजे नात्याच्या विरुद्ध.

दुसरा आकडा टक्केवारीचा. चाचणीपूर्वी नातं असण्याची आणि नसण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरून तो काढतात. गुणोत्तर १० असेल तर टक्केवारी सुमारे ९१ येते, १००० असेल तर ९९.९. '९१ टक्के' ऐकायला मोठं वाटतं. पण ते दहास एक इतकंच आहे, आणि त्यावर कुणाचं आयुष्य ठरवू नये. वडील-मुलाच्या थेट चाचणीत ९९.९९ टक्क्यांच्या वरचे आकडे नेहमीचे असतात. आजी-नातवाच्या चाचणीत तसे आले नाहीत म्हणून घाबरू नका, आणि आले नाहीत हे विसरूही नका.

ही चाचणी कुठे फसते?

नमुना देण्याआधी प्रयोगशाळेला आणि तुमच्या डॉक्टरांना या गोष्टी जरूर सांगा:

- घरातलाच दुसरा पुरुष. आजी-आजोबांची चाचणी फार तर 'हे मूल यांच्या मुलांपैकी एकाचं आहे' एवढंच सांगते. दोन भावांपैकी कुणाचं, हे ती सांगू शकत नाही.
- नात्यातलं लग्न. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं. तशा घरात वडिलांकडची आजी ही सुनेची आत्याही असते. म्हणजे नातवात तिचा थोडा डीएनए आईच्या बाजूनेही आलेला असतो. गणित करणाऱ्याला हे माहीत नसेल तर आकडा फुगतो.
- समान पातळीची नाती. आजी-नातू, काका-पुतण्या आणि सावत्र भावंडं यांच्यात सरासरी सारखाच, चौथा हिस्सा डीएनए समान असतो. नेहमीच्या चाचणीला यांतला फरक कळत नाही.
- अस्थिमज्जा प्रत्यारोपण. ज्याचं प्रत्यारोपण झालं आहे त्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो. गालाच्या नमुन्यातही तो मिसळलेला असू शकतो. अलीकडे रक्त चढवलं असेल तर तेही सांगा.
- जुळे भाऊ. मृत वडिलांना एकसारखा दिसणारा, एकाच बीजाचा जुळा भाऊ असेल तर दोघांची मुलं या चाचणीत सारखीच दिसतात.

आणि एक गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही. या चाचणीत एक नव्हे, दोन पिढ्यांची नाती तपासली जातात. नातवाचा मेळ आजीशी बसला आणि आजोबांशी बसला नाही, तर प्रश्न सुनेवर उरत नाही, तो आजीवर येतो. मुलगा दत्तक होता आणि त्याला ते सांगितलेलं नव्हतं, किंवा मुला-सुनेने दात्याचे शुक्राणू घेऊन उपचार केले होते आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं, अशा गोष्टीही अशाच बाहेर येतात. सुनेकडे बोट दाखवून सुरू केलेली चाचणी कुठे जाऊन थांबेल याची खात्री देता येत नाही.

ही चाचणी आली कुठून?

नातवंडं शोधणाऱ्या आज्यांनीच ती जन्माला घातली. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या काळात लष्करी राजवट होती. हजारो तरुण-तरुणींना पकडून नाहीसं केलं गेलं आणि त्यांची लहान मुलं, कैदेत जन्मलेली बाळंही, दुसऱ्यांच्या घरी दिली गेली. या मुलांच्या आज्या १९७७ मध्ये एकत्र आल्या. आई-वडील मारले गेलेले, मग ही आपलीच नात आहे हे कोर्टात कसं दाखवायचं, हा प्रश्न घेऊन त्या देशोदेशीच्या शास्त्रज्ञांकडे गेल्या. अमेरिकेतल्या आनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९८४ पासून त्यांच्यासोबत काम केलं. आजी-आजोबांच्या रक्तावरून नात्याची शक्यता मोजण्याचं गणित बसवलं गेलं आणि त्याच वर्षी आठ वर्षांची एक मुलगी कोर्टाच्या आदेशाने आपल्या आजीकडे परतली. १९८७ मध्ये तिथे कायद्याने आज्यांच्या नमुन्यांची राष्ट्रीय पेढी उभी राहिली. त्यामुळे आजी वारली तरी तिचा शोध थांबला नाही. आजवर सुमारे १४० नातवंडांची ओळख पटली आहे.

ही चाचणी मूळची हरवलेलं मूल घरी आणण्यासाठी आहे. घरातलं मूल बाहेर काढण्यासाठी तिचा वापर होतो तेव्हा निदान हे आठवावं.

वडील हयात नसतील तर त्यांचाच नमुना मिळू शकतो का?

आजी-आजोबांच्या आधी हा प्रश्न विचारा, कारण थेट वडिलांचा नमुना मिळाला तर उत्तर जास्त पक्कं येतं.

- त्यांची बायोप्सी किंवा कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली असेल तर तपासलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून पॅथॉलॉजी विभाग वर्षानुवर्षे जपतो. त्यातून अनेकदा डीएनए मिळतो. फॉर्मालिनमुळे तो काहीसा खराब झालेला असतो, पण काम होऊ शकतं.
- शवविच्छेदन झालं असेल तर रक्ताचा किंवा पेशींचा नमुना राखून ठेवला आहे का, हे पोलीस किंवा कोर्टामार्फत विचारता येतं.
- वापरलेला टूथब्रश, दाढीचं रेझर, मुळासकट केस यांतूनही कधी कधी डीएनए मिळतो. पण ती वस्तू त्यांचीच, हे सिद्ध करावं लागतं.
- चितेवर किंवा विद्युतदाहिनीत दहन झाल्यानंतरच्या अस्थींतून मात्र डीएनए सहसा मिळत नाही. उष्णतेने तो नष्ट होतो.

नातवंडाला किडनी द्यायची असेल तर

२०११ च्या दुरुस्तीनंतर अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आजी, आजोबा, नातू आणि नात हे जवळचे नातेवाईक मानले जातात. त्यामुळे आजी नातवाला किडनी देऊ शकते. नातं आधी कागदपत्रांवरून पाहिलं जातं: जन्मदाखला, रेशनकार्ड, आधार, लग्नाचा दाखला, कुटुंबाचे फोटो. त्यावरून समाधान झालं नाही तर रुग्णालयातले सक्षम अधिकारी जनुकीय तपासणी सांगू शकतात.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. प्रत्यारोपणाआधी एचएलए नावाची जुळणी तपासतात. वडिलांकडून मुलाला एचएलएचा एकच संच जातो, आजोबांचा किंवा आजीचा. म्हणजे आजीचा संच नातवात असण्याची शक्यता साधारण निम्मी. तो नसेल तर अहवालात 'जुळत नाही' असं दिसतं. याचा अर्थ 'नातू नाही' असा अजिबात नाही. हा कागद नात्याच्या भांडणात वापरू नका.

मुंबईत ही चाचणी कशी होते?

कोर्टाच्या किंवा पोलिसांच्या प्रकरणांतले नमुने शासनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, कलिन्याला, जातात. तिथे आपण थेट जाऊन 'तपासून द्या' असं म्हणता येत नाही. नमुना कोर्ट किंवा पोलीस यांच्यामार्फतच जातो.

खासगी प्रयोगशाळाही ही तपासणी करतात. जाण्याआधी विचारा: एनएबीएल मान्यता या चाचणीसाठी आहे का? किती ठिकाणं तपासणार? आजी-नातवाच्या नात्याचं गणित तुम्ही स्वतः करता का? उत्तर 'सांगता येत नाही' आलं तर पुढे काय आणि त्याचा खर्च वेगळा का?

नमुना देणं सोपं आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात किंवा थोडं रक्त घेतात. उपाशी राहावं लागत नाही, पण काडीचा नमुना देण्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. वय कितीही चालतं.

घरी डबा मागवून पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल कोर्टात टिकेल असं समजू नका. नमुना कुणाचा, कुणासमोर घेतला, सील कुणी केलं, याची अखंड नोंद लागते. आणि लहान मुलाचा नमुना त्याच्या पालकाच्या, म्हणजे वडील नसतील तर आईच्या, संमतीशिवाय घेऊ नये. कुणी डॉक्टर गुपचूप घेऊन देतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, पण रुग्णांना नेहमी लागणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

१. वैध लग्न चालू असताना, किंवा ते संपल्यानंतर २८० दिवसांच्या आत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना, जन्मलेलं मूल त्या पतीचंच मानलं जातं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. त्या काळात पती-पत्नींचा संबंध येणं शक्यच नव्हतं हे दाखवल्याशिवाय हे गृहीतक हलत नाही.

२. कोर्ट मागितली म्हणून डीएनए चाचणी देत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या एका दाम्पत्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या डीएनए चाचणीचा आदेश रद्द केला. मोठ्यांच्या भांडणात मुलाला साधन बनवू नये, मुलालाही खासगीपणाचा हक्क आहे, हा त्या निकालाचा गाभा.

३. दत्तक मूल कायद्याने पूर्ण मूल असतं. २०२१ च्या सहाय्यित प्रजनन कायद्यानुसार दात्याच्या मदतीने झालेलं मूलही त्या जोडप्याचंच मानलं जातं. इथे डीएनए जुळला नाही तरी मुलाचे हक्क तसेच राहतात.

४. हिंदू वारसा कायद्यात आधी वारलेल्या मुलाची मुलं आजोबांची पहिल्या वर्गातली वारस आहेत. पागडीच्या खोलीत मात्र प्रश्न वेगळा असतो. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत कुटुंबातलं कोण राहत होतं, हे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आधी पाहिलं जातं. तिथे रेशनकार्ड, वीजबिल, शाळेचा दाखला जास्त कामाचा. गिरणगावातल्या अनेक घरांत मी पाहिलं आहे, डीएनएसाठी पैसे साठवतात आणि जन्मदाखल्यावरची नावाची चूक दुरुस्त करायची राहून जाते.

स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१०० आहे.

चाचणीआधी स्वतःला विचारा

- मला उत्तर कशासाठी हवं आहे? कागदासाठी, उपचारासाठी, की मनासाठी?
- तेच काम साध्या कागदपत्रांनी होईल का?
- उत्तर 'सांगता येत नाही' आलं तर मी काय करणार?
- उत्तर 'नाही' आलं तर ज्या मुलाला मी अंगाखांद्यावर खेळवलं त्याच्याशी उद्या सकाळी कशी वागणार?
- हे मूल मोठं झाल्यावर त्याला ही चाचणी कळली तर?

यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं सुचत नसतील तर थांबा. घाई नाही. डीएनए पुढच्या वर्षीही तोच असणार आहे.

मावशींचं पुढे काय झालं

आठवड्याने त्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या. अपघातानंतर मुलाला तीन बाटल्या रक्त चढवलं होतं. रक्तपेढीच्या जुळणीच्या तिन्ही कागदांवर त्याचा रक्तगट बी होता. कंपनीच्या ओळखपत्रावरचा ओ चुकीचा होता.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की बी आहे म्हणून नातं सिद्ध झालं असं नाही, रक्तगटाने ते कधीच होत नाही. पण ज्या कारणाने शंका आली होती ते कारणच खोटं निघालं. आता चाचणी करायची असेल तर सुनेला सांगून, तिच्या संमतीने, तिच्या नमुन्यासह करा. मी चिठ्ठी देतो.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "दोन महिने मी त्याला जवळ घेतलं नाही, डॉक्टर." चिठ्ठी त्यांनी मागितली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

तुमच्या घरात अशी शंका आली असेल तर पहिली भेट प्रयोगशाळेची नको. घरातले जुने वैद्यकीय कागद घेऊन आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा.